बीथोव्हेनच्या नऊ सिम्फन्या, शंभर रेकॉर्डिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकाच सिम्फनीची पंधरा-वीस रेकॉर्डिंग कुणी जमवून ठेवली आहेत हे कळलं की लोक आधी हसतात, आणि मग हळूच विचारतात, "बरं, पण त्यातलं चांगलं कुठलं?" गेली काही वर्षं हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत येतोय. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून काढली. आवडनिवड माझ्या कानाची आहे, ती कुणावर लादायची नाही. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. नऊच्या नऊ सिम्फन्यांचा एकच संच घ्यायचा असेल तर कुणाचा घेऊ?

अगदी एकच हवा असेल तर निकोलाउस हार्नोनकूरने चेंबर ऑर्केस्ट्रा ऑफ युरोपबरोबर १९९०-९१ मध्ये ग्राझ इथे केलेला. वाद्यं आधुनिक, पण ट्रम्पेट जुन्या पद्धतीचे, बिनव्हॉल्व्हचे. त्यामुळे मोठ्या ऑर्केस्ट्राचा भरीवपणाही मिळतो आणि आवाज थुलथुलीतही होत नाही. जुन्या जमान्यातला संच हवा असेल तर जॉर्ज सेल आणि क्लीव्हलंड ऑर्केस्ट्रा. सेलची शिस्त एवढी की कुठलंही वाद्य दुसऱ्याच्या मागे लपत नाही.

खरं सांगायचं तर संच घेऊच नका. नऊही सिम्फन्या सारख्याच उत्तम वाजवणारा कंडक्टर मला अजून भेटलेला नाही. ज्याची तिसरी अंगावर काटा आणते, त्याची सहावी कंटाळवाणी निघते. एकेक सिम्फनी वेगळी घ्या.

२. मी अगदी नवीन आहे. कुठल्या सिम्फनीपासून सुरुवात करू?

सातवीपासून. तिच्यात समजून घेण्यासारखं कथानक नाही, फक्त ठेका आहे. दुसऱ्या भागातला तो 'लांब-आखूड-आखूड-लांब-लांब' ठेका एकदा डोक्यात बसला की दोन दिवस निघत नाही. ८ डिसेंबर १८१३ रोजी व्हिएन्नात ती पहिल्यांदा वाजली, तेव्हा श्रोत्यांनी हा भाग तिथल्या तिथे पुन्हा वाजवायला लावला होता. नववी मात्र शेवटी ठेवा.

३. स्वरलिपी सगळ्यांपुढे तीच असते. मग रेकॉर्डिंगमध्ये एवढा फरक कशामुळे पडतो?

एकच बंदिश दोन गवयांकडून ऐकली की शब्द आणि राग तेच असूनही चीज वेगळी वाटते, तसंच थोडंफार. इथे मोकळीक कमी, पण आहे. पहिली गोष्ट लय (प्रश्न ५). दुसरी, कुठली वाद्यं पुढे येतात. साठ तंतुवाद्यं एकदम वाजायला लागली की दोन ओबो आणि दोन बासून त्यात बुडून जातात. कंडक्टर तंतुवाद्यांना आवरतो की फुंकवाद्यांची संख्या दुप्पट करतो, त्यावर सगळं चित्र बदलतं. तिसरी, बसण्याची जागा. क्लेम्पेरर आणि कार्लोस क्लायबर हे कंडक्टर दुसऱ्या व्हायोलिनवाल्यांना उजवीकडे बसवत. सातवीच्या शेवटच्या भागात पहिले आणि दुसरे व्हायोलिन एकमेकांकडे वाक्यं फेकतात. सगळे डावीकडे बसले असतील तर ती फेकाफेक एका गठ्ठ्यात जाते. समोरासमोर असतील तर डाव्या कानातून उजव्या कानात चेंडू गेल्यासारखं ऐकू येतं.

शिवाय छापील आवृत्तीही तीच नसते. जोनाथन डेल मार यांनी संपादित केलेली बेरेनरायटरची आवृत्ती १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आली. तिच्यात जुन्या छपाईतल्या बऱ्याच चुका दुरुस्त झाल्या.

४. दोन रेकॉर्डिंगची तुलना नेमकी कशी करायची? अख्खी सिम्फनी दोनदा ऐकून काहीच लक्षात राहत नाही.

अख्खी ऐकूच नका. दोन-तीन जागा ठरवा आणि त्याच पुन्हा पुन्हा ऐका.

त्याआधी आवाजाची पातळी सारखी करून घ्या. एका रेकॉर्डिंगवर मी महिनाभर फिदा होतो. सगळ्यांना सांगत सुटलो होतो की याच्यात काय जोम आहे! पुढे कळलं की ती डिस्क बाकीच्यांपेक्षा मोठ्या आवाजात भरली होती, एवढंच. नॉब थोडा मागे फिरवला आणि जोम गेला.

माझ्या ठरलेल्या जागा अशा. पाचवीच्या पहिल्या भागात दुसरी सुरावट सुरू होण्याआधी हॉर्न एक ललकारी देतात. तीच ललकारी पुढे परत येते तेव्हा स्वरलिपीत ती बासूनकडे आहे. बीथोव्हेनच्या काळच्या बिनव्हॉल्व्हच्या हॉर्नवर, ई-फ्लॅट स्वराची नळी लावलेली असताना, ते स्वर धड निघत नसत. विसाव्या शतकात व्हॉल्व्हचे हॉर्न सर्रास होते, म्हणून कित्येक कंडक्टरांनी ती जागा बेधडक हॉर्नला दिली. बासूनवर ती थोडी खोकल्यासारखी वाटते, हॉर्नवर रुबाबदार. मला खोकलाच आवडतो, कारण ललकारी दुसऱ्यांदा येते तेव्हा काहीतरी बिनसलेलं आहे हे तो सांगतो.

दुसरी जागा सातवीच्या दुसऱ्या भागाचा शेवट. व्हायोलिनवाले तारा छेडत असतात आणि अगदी अखेरच्या बारमध्ये (बार म्हणजे ठेक्याचं एक छोटं माप) पुन्हा गज उचलतात, असं छापलेलं आहे. एरिक क्लायबर आणि त्याचा मुलगा कार्लोस दोघेही गज घेऊ देत नाहीत, शेवटपर्यंत छेडायला लावतात. जेमतेम दोन-तीन सेकंदांचा फरक, पण भाग उसासा टाकून संपतो की दार हलकेच लावून घेतल्यासारखा, ते इथे ठरतं.

तिसरी, पाचवीत तिसऱ्या भागातून चौथ्यात जाणारा पूल. जवळजवळ पन्नास बार टिंपनी, म्हणजे नगारे, दबक्या आवाजात टकटक करत राहते आणि वर व्हायोलिन वाट शोधत असतात. टकटक स्पष्ट ऐकू येते का, की नुसती घरघर होते? इथे कंडक्टरचं आणि रेकॉर्डिंग करणाऱ्याचं, दोघांचंही पितळ उघडं पडतं.

५. मेट्रोनोमचे, म्हणजे मिनिटाला ठोके मोजून देणाऱ्या यंत्राचे, आकडे खुद्द बीथोव्हेनने दिलेत. मग सगळे ते पाळत का नाहीत?

पहिल्या आठ सिम्फन्यांचे आकडे त्याने १८१७ मध्ये छापून प्रसिद्ध केले, नववीचे नंतर दिले. पाचवीच्या पहिल्या भागाला मिनिटाला १०८ बार, तिसरीच्या पहिल्या भागाला ६०. हे आकडे जलद आहेत, काही ठिकाणी दम लागेल इतके. विसाव्या शतकातल्या बहुतेक मोठ्या कंडक्टरांनी ते बाजूला सारले. मेट्रोनोम बिघडलेला असेल, बहिरा माणूस मनातल्या मनात जलद ऐकत असेल, हॉल वेगळे होते, अशी एक ना दोन कारणं पुढे केली गेली.

मग १९८० च्या दशकात रॉजर नॉरिंग्टनने लंडन क्लासिकल प्लेअर्सबरोबर बऱ्याच अंशी त्या आकड्यांनुसार वाजवून दाखवलं, आणि 'अशक्य' हा शब्द मोडीत निघाला. पुढे डेव्हिड झिनमनने झुरिकच्या टोनहाले ऑर्केस्ट्राबरोबर आणि रिकार्डो शायीने लाइपझिगच्या गेवांडहाउस ऑर्केस्ट्राबरोबर आधुनिक वाद्यांवरही तशीच लय धरली. माझं मत विचाराल तर जलद लयीला माझी हरकत नाही, आकड्याच्या भीतीला आहे. काही रेकॉर्डिंगमध्ये कंडक्टर संगीत वाजवत नाही, गाडी पकडत असतो.

६. जुन्या वाद्यांवरची रेकॉर्डिंग चिरकी वाटतात. सवय होते का?

होते, पण सुरुवात योग्य ठिकाणी हवी. आतड्याच्या तारा, व्हॉल्व्ह नसलेले हॉर्न, टणक काठ्यांनी वाजवलेली टिंपनी. बहुधा स्वरही आजच्यापेक्षा किंचित खाली लावलेला. जॉन एलियट गार्डिनरने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑर्केस्त्र रेव्होल्युश्नेर ए रोमान्तिकबरोबर केलेला संच घ्या आणि त्यातली पाचवी शेवटच्या भागापासून ऐका. तिथे ट्रॉम्बोन, पिकोलो आणि कॉन्ट्राबासून पहिल्यांदा तोंड उघडतात. आधीचे तीन भाग ते गप्प बसलेले असतात. जुन्या वाद्यांवर हा धक्का खरोखर धक्का वाटतो. मऊसूत आधुनिक ऑर्केस्ट्रात तो विरघळून जातो.

७. पाचवीसाठी क्लायबरचंच रेकॉर्डिंग सर्वोत्तम, असं सगळीकडे वाचतो. खरंच का?

कार्लोस क्लायबरने १९७४ मध्ये व्हिएन्ना फिलहार्मोनिककडून पाचवी वाजवून घेतली. तिच्या जोडीची सातवी १९७५-७६ ची. दोन्ही आज एकाच डिस्कवर मिळतात. त्याची कीर्ती खोटी नाही. पहिल्या चार स्वरांनंतर जो ताण धरला जातो तो शेवटच्या भागापर्यंत सुटत नाही, आणि तरी कुठे घाई नाही.

पण 'सर्वोत्तम' म्हटलं की दुसरं काही ऐकायचं राहून जातं. बर्लिन फिलहार्मोनिकचा कंडक्टर फुर्टवेंग्लर याची मे १९४७ ची बर्लिनची पाचवी ऐका. नाझीकाळाबद्दलची चौकशी संपून तो पहिल्यांदाच आपल्या ऑर्केस्ट्रापुढे उभा राहिला होता. वादक कुठेकुठे एकत्र पडतही नाहीत. क्लायबरची पाचवी निर्दोष आहे, ही नाही, आणि वर्षातून एकदा मला हीच लागते. नव्या माणसाने मात्र क्लायबरपासूनच सुरुवात करावी. सगळे सांगतात म्हणून ती गोष्ट चुकीची ठरत नाही.

८. कारायानने सगळ्या सिम्फन्या किती वेळा रेकॉर्ड केल्या? त्यातलं कुठलं घेऊ?

नुसत्या ध्वनिमुद्रणाचे पूर्ण संच चार. १९५० च्या दशकात लंडनच्या फिलहार्मोनियाबरोबर, पुढे बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर १९६१-६२, १९७५-७७ आणि १९८२-८४ मध्ये. घ्यायचा तो साठच्या दशकातला. बर्लिनच्या दालेममधल्या येसुस-क्रिस्टुस चर्चमध्ये तो रेकॉर्ड झाला आणि त्या जागेचा आवाज उबदार आहे. नववीत गुंडुला यानोविट्झचा सोप्रानो आहे, त्या एका आवाजासाठीही तो संच घ्यावा. सत्तरीतल्या संचात झळाळी जास्त. ऐंशीतला चकचकीत आणि कोरडा. तो मी दोनदा विकत घेतला, कारण वेष्टन बदललं होतं आणि मी मागची बाजू वाचली नव्हती. रेकॉर्डिंगचं वर्ष नेहमी मागे, बारीक अक्षरात असतं. समोर मोठ्या अक्षरात छापलेलं ते पुनर्प्रकाशनाचं.

९. फुर्टवेंग्लरच्या नववीची बरीच रेकॉर्डिंग आहेत. कुठलं ऐकू?

लोक तीन नावं घेतात. मार्च १९४२ चं बर्लिनचं, २९ जुलै १९५१ चं बायरॉइटचं आणि ऑगस्ट १९५४ चं लुझर्नचं. लुझर्ननंतर तीन महिन्यांनी, ३० नोव्हेंबर १९५४ ला तो गेला.

१९४२ चं रेकॉर्डिंग ऐकणं सोपं नाही. युद्ध ऐन भरात, समोर नाझी राजवटीची राजधानी, आणि मंचावर 'सगळी माणसं भाऊ होतील' असं गाणारा कोरस. पहिल्या भागात मध्यावर जिथे मूळ सुरावट परत येते, तिथली टिंपनी ऐकून पहिल्यांदा मी आवाज कमी केला होता. ही तिथे नुसती परतण्याची जागा राहत नाही, भिंत कोसळते. टेप युद्धानंतर सोव्हिएत संघात गेल्या आणि तिथूनच त्या तबकडीवर आल्या.

१९५१ चं रेकॉर्डिंग युद्धानंतर बायरॉइटचा महोत्सव पुन्हा सुरू झाला त्या दिवसाचं. तिसरा भाग साडेएकोणीस मिनिटांच्या आसपास जातो. नॉरिंग्टनकडे तोच अकरा-बारा मिनिटांत संपतो. यापैकी कोण 'बरोबर' हा वाद प्रश्न ५ मध्ये आहे. पण साडेएकोणीस मिनिटं श्वास न सोडता धरून ठेवणं काय असतं, ते इथे ऐकावं. तरीही एकच सुचवायचं तर मी लुझर्नचं सुचवेन. आवाज सर्वांत स्वच्छ, आणि माणूस कुणाला काही सिद्ध करून दाखवायच्या पलीकडे गेलेला.

१०. १९५१ च्या बायरॉइट नववीच्या माझ्याकडे दोन डिस्क आहेत आणि त्या वेगळ्या वाटतात. माझ्या कानाचा दोष का?

कान शाबूत आहेत. ईएमआय कंपनीने फुर्टवेंग्लरच्या मृत्यूनंतर जी तबकडी काढली ती वर्षानुवर्षं 'ती' नववी म्हणून ओळखली जात होती. पुढे ऑर्फेओ कंपनीने बव्हेरियन रेडिओच्या संग्रहातली टेप प्रसिद्ध केली, आणि ती ईएमआयच्या तबकडीसारखी वाजत नाही हे लोकांच्या लक्षात आलं. ईएमआयच्या तबकडीत सरावाचे किती तुकडे जोडलेत यावर तेव्हापासून चर्चा रंगली. २०२१ मध्ये बिस कंपनीने स्वीडिश रेडिओकडची टेपही निवेदनासकट काढली. घेताना कंपनीचं नाव पाहून घ्या, नाहीतर जे रेकॉर्डिंग आहे तेच पुन्हा घरी याल घेऊन.

११. तिसरीचा पहिला भाग कुठे १४ मिनिटं, कुठे १७. कुणी कापला आहे का?

संगीत कुणी कापत नाही. पुनरावृत्ती घ्यायची की नाही, हा प्रश्न असतो. पहिल्या भागाचा सुरुवातीचा सुमारे दीडशे बारचा तुकडा पुन्हा वाजवायची खूण बीथोव्हेनने केली आहे. जुन्या पिढीतले कंडक्टर ती सर्रास गाळत. हिशेब करून बघा: भागाचे एकूण बार ६९१, बीथोव्हेनचा आकडा मिनिटाला ६०. म्हणजे पुनरावृत्तीविना साडेअकरा मिनिटं, तिच्यासह साधारण चौदा. कारायानने १९६२ मध्ये पुनरावृत्ती गाळून जवळजवळ पंधरा मिनिटं घेतली. तेव्हा मिनिटं पाहून कुणी जलद की संथ ते ठरवू नका, आधी पुनरावृत्ती आहे का ते पाहा.

ती असावी का? पाचवीत हवीच, नाहीतर पहिला भाग सुरू होण्याआधीच संपतो. तिसरीत मी दोन्ही बाजूंनी भांडू शकतो.

१२. तिसरीच्या पहिल्या भागात हॉर्न चुकीच्या वेळी घुसतो. डिस्क सदोष आहे का?

नाही. व्हायोलिन अजून कुजबुजत असतात आणि हॉर्न आधीच मूळ सुरावट सुरू करतो. बीथोव्हेनने मुद्दाम तसं लिहिलंय. पहिल्या सरावाच्या वेळी त्याचा शिष्य फर्डिनांड रीस याने हॉर्नवाल्याला मोजता येत नाही असा शेरा मारला, आणि बीथोव्हेनची थप्पड खाता खाता वाचला, असं रीसनेच लिहून ठेवलंय. तुलना करताना ही जागा बघा: हॉर्न लाजत घुसतो की ठासून?

याच भागाच्या शेवटी उलट तक्रार येते, की ट्रम्पेट सुरावट सुरू करतो आणि मध्येच गप्प होतो. तसंच छापलेलं आहे. वरचे स्वर ट्रम्पेटला देणं बीथोव्हेनने टाळलं. पुढच्या कंडक्टरांनी ते भरून घेतले आणि शंभरेक वर्षं तसंच ऐकल्यामुळे भरलेलंच खरं वाटू लागलं. आजकालचे बहुतेक लोक ते गाळलेलंच ठेवतात. ट्रम्पेट थांबला की सुरावट फुंकवाद्यांकडे उरते, आणि विजयाच्या ऐन क्षणी पायाखालची पायरी गेल्यासारखं होतं.

१३. मोनो, म्हणजे डावा-उजवा भेद नसलेली जुनी रेकॉर्डिंग ऐकण्यात अर्थ आहे का?

आहे. पण हट्टापायी ऐकू नका. आर्थर निकिशने १९१३ मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर केलेली पाचवी एकदा इतिहास म्हणून ऐका, पुन्हा लावणार नाही. टोस्कानिनीची १९३९ ची एनबीसी ऑर्केस्ट्राबरोबरची रेडिओ-प्रसारणं मात्र मी वारंवार लावतो, एनबीसीचा स्टुडिओ ८-एच कागदाच्या खोक्यासारखा कोरडा असूनही. क्लेम्पेररची तिसरी १९५५ ची मोनो आणि १९५९ ची स्टिरिओ, अशी दोन्ही मिळते. स्टिरिओत आवाज सुंदर, पण मोनोत लय सजीव. मी मोनो घेतो.

१४. चौथी, सहावी, आठवी यांच्याबद्दल कुणीच बोलत नाही. त्यांची रेकॉर्डिंग सुचवा.

चौथी: क्लायबर, म्युनिकच्या बव्हेरियन स्टेट ऑर्केस्ट्राबरोबर, १९८२, लाइव्ह. शेवटच्या भागात बासूनवाल्याची जी धांदल उडते ती ऐकायलाच हवी, आणि तो पडत नाही. सहावी: ब्रुनो वॉल्टर, कोलंबिया सिम्फनी, १९५८. म्हातारा माणूस ओढ्याकाठी बसलाय आणि उठायची घाई नाही. थोडं जास्त खणखणीत वादळ हवं असेल तर कार्ल बोम आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिक. आठवी: सेल.

१५. एका नववीत 'फ्रॉइडे' ऐवजी 'फ्राइहाइट' गातात. कोरस चुकला का?

ते लेनर्ड बर्नस्टाइनचं. बर्लिनची भिंत पडल्यावर २५ डिसेंबर १९८९ रोजी पूर्व बर्लिनच्या शाउश्पीलहाउसमध्ये त्याने 'आनंद' हा शब्द काढून 'स्वातंत्र्य' घातला. वादक दोन्ही जर्मन्यांमधले, शिवाय न्यूयॉर्क, लंडन, पॅरिस आणि लेनिनग्राडचेही. प्रसंग म्हणून अनमोल, वादन म्हणून सैल. पहिली नववी म्हणून घेऊ नका.

१६. सीडी ७४ मिनिटांची झाली ती नववीमुळेच ना?

बायरॉइटची नववी एका सीडीवर मावावी म्हणून, ही गोष्ट सगळीकडे सांगतात. सीडी घडवणाऱ्या अभियंत्यांपैकी कीस इमिंक यांनी मात्र व्यापारी आणि तांत्रिक कारणांकडे बोट दाखवलंय.

१७. नॉरिंग्टनच्या नववीत शेवटच्या भागातलं 'तुर्की' पथक इतकं संथ का चालतं?

स्वरलिपीत त्या कूचगीतापुढे ८४ हा आकडा आहे आणि तो टिंब दिलेल्या क्रॉचेट स्वराला, म्हणजे अर्ध्या बारला, लावलेला आहे. तो तसाच घेतला की ढोल, झांजा आणि ट्रँगल घेऊन पथक रमतगमत येतं. बहुतेक कंडक्टर इथे भरधाव जातात, आणि आकडा पूर्ण बारला असावा, लिहिताना घोळ झाला, असं काही अभ्यासक म्हणतात. दुसऱ्या भागाच्या मधल्या तुकड्यातही असाच घोळ आहे. तिथेही नॉरिंग्टनने अक्षरशः संथ घेतलं.

मला तिथे तो पटत नाही, कारण त्या तुकड्याआधी लय चढत जाते आणि मग एकदम ब्रेक लागल्यासारखं होतं. पण कूचगीतात पटतो. सुरुवातीला बासून आणि मोठा ढोल नुसते 'बुम्... बुम्...' करत असतात, मध्ये एवढी मोकळी जागा सोडून की पुढचा ठोका येणारच नाही असं वाटतं. मग लांबून कुठूनतरी पिकोलो, आणि टेनर एकटाच गायला लागतो. भरधाव लयीत तो सैनिकांच्या पुढे पळताना दिसतो, इथे त्यांच्याबरोबर चालताना.